टाळ्या नसीरला, पंडितजींना कशाला?

कोमल रिषभ
परवा एका गटात 'बंदिश बँडिट्स' या शास्त्रीय संगीतावरच्या वेब सिरीजवर लांबलचक पोस्ट आली. म्हणणं असं: पंडित राधेमोहन राठोड हा पडद्यावरचा शेवटचा खरा गुरू, त्याचा नातू राधे रडका, पॉप गाणारी तमन्ना म्हणजे राधेच्या साधनेतलं विघ्न, आणि पंडितजींच्या सुनेने, मोहिनीने 'घरासाठी' गाणं सोडलं हा तिचा मोठेपणा. खाली हात जोडलेल्या बाहुल्यांची रांग. माझं डोकं फिरलं.

पंडितजींच्या भूमिकेत नसीरुद्दीन शाहने काम अफाट केलंय, वादच नाही. नुसता बसला तरी खोलीतली माणसं ताठ होतात. पण पंडितजी काय करतात ते बघा ना! जी बाई स्पर्धेत आपल्याला हरवते तिला सून करून आणायचं आणि अट घालायची, यापुढे गायचं नाही. स्वतःचा कान जातोय हे लपवायचं आणि नातवाला प्रायश्चित्त म्हणून शुद्धीकरणाला बसवायचं. हा गुरू नव्हे, हा हरलेला गवई आहे. नट इतका भारी निघाला की लोकांनी पात्राचे सगळे गुन्हे माफ करून टाकले.

जवारीदार
वेब सिरीज बघून घराण्यांवर बोलणारे वाढलेत. गंडा, म्हणजे शिष्य केल्याचा धागा, बांधला की गुरूचा शब्द शेवटचा, ही रीतच होती. तुम्हाला दोन महिन्यांत यमन राग आणि तिसऱ्या महिन्यात रील हवा असतो. राधे गुरूच्या नकळत मुखवटा घालून पॉप गातो, साखरपुडा एकीशी आणि जीव दुसरीवर. त्याच्याबद्दल एक ओळ नाही? दोषी फक्त म्हातारा?

कोमल रिषभ
राधे साधू आहे असं मी कुठे लिहिलंय? राधे झालेल्या ऋत्विक भौमिकचं काम मला आवडलं, पात्र नाही. आणि रीतीचं म्हणाल, तर जयपूर घराणं घडवणाऱ्या अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज बसला नसता तर जयपूर गायकी आज आहे तशी झालीच नसती. फुटलेल्या आवाजाला पेलेल अशी नवी वाट त्यांनी काढली. तेव्हा कुणी शुद्धीकरण मागितलं नाही.

जवारीदार
नवी वाट काढायला आधी जुनी पायाखाली यावी लागते. राधेची आली होती का?

ठेकेदार
विषय सोडून बोलतो, माफी असावी, पण हे कधीतरी कुणीतरी बोलायलाच हवं. या सगळ्या संगीताच्या मालिकांत वाजवणाऱ्यांचे हात बघवत नाहीत हो! तबल्यावर 'तिरकिट' ऐकू येतंय आणि बोटं नुसती थोपटतायत. पेटीचा भाता हलत नाही आणि सूर चालू. 'गरज गरज' या गाण्यात आवाज गायक अजय चक्रवर्तींचा, तान कुठल्या कुठे गेलेली आणि मान मागाहून येतेय. आणि तुम्ही म्हणता अभिनय अफाट.

पडद्यामागे
मग नसीरने काय करायचं होतं, वीस वर्षं रियाज? ते नटाचं काम नाही. 'विरह' गाण्याला शंकर महादेवनचा आवाज आहे, पण मी तिथे पंडितजींचा मुलगा दिग्विजयच ऐकला. बापाने नाकारलेल्या मुलाचा डंख अतुल कुलकर्णीच्या डोळ्यांत आहे, गळ्यात असायची गरज नाही.

ठेकेदार
मराठी माणसाने हे म्हणावं? बालगंधर्व, दीनानाथ, केशवराव भोसले तोंड हलवत होते काय? १९६७ला 'कट्यार काळजात घुसली' नाटकात वसंतराव देशपांडे खाँसाहेब म्हणून उभे राहिले ते स्वतः गात. २०१५च्या सिनेमात सचिन पिळगांवकर आणि आवाज राहुल देशपांडेचा. तिथेच गाडी घसरली.

पडद्यामागे
घसरली? त्या सिनेमामुळे माझी मुलगी नाट्यसंगीत ऐकायला लागली. आणि गाणाराच नट हवा ना? 'मी वसंतराव'मध्ये राहुल देशपांडे स्वतःच आजोबा झाले, गायलेही. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पार्श्वगायनाचा, अभिनयाचा नाही.

ठेकेदार
हा टोमणा कळला. आवडला नाही.

जवारीदार
संगीत नाटकांत वन्समोअरच्या नादात कथा तासभर खोळंबायची, तेही सांगा. जुनं ते सगळं सोनं नाही. (हो, हे मी म्हणतोय.)

माळ्यावरची पेटी
तुमचं ताना आणि माना चालू द्या. मूळ पोस्टमध्ये मोहिनी होती, तिला सगळ्यांनी बाजूला बसवलंय, मालिकेतल्या घरासारखंच.

माझी आत्या गायची. आजोबांनी हौसेने शिकवलं होतं. लग्न ठरताना सासरच्यांनी तिचं गाणं ऐकलं, वाहवा केली, नंतर पेटी माळ्यावर गेली. 'गाऊ नकोस' असं कुणी कधी म्हणालं नाही. फक्त रियाजाच्या वेळेलाच रोज पाणी यायचं, दूध यायचं, पाहुणे यायचे. मोहिनी झालेली शीबा चढ्ढा पहिल्या सीझनमध्ये स्वयंपाकघरात उभी राहून ओठ मिटते ना, तिथे मी मालिका थांबवली होती. तुमच्या हरकती-मुरक्या गेल्या खड्ड्यात.

जवारीदार
तुमच्या आत्याबद्दल वाईट वाटलं. पण प्रत्येक घर तसं नसतं. माझ्या आईने स्वतःहून गाणं थांबवलं. कुणी अट घातली नव्हती.

माळ्यावरची पेटी
विचारलंत कधी आईला?

जवारीदार
माझ्या आईवर घसरायचं कारण नाही. सभ्यपणे बोलायचं नसेल तर मी हा निघालो.

कोमल रिषभ
विषयात आई तुम्हीच आणलीत.

अर्धवट विशारद
तुम्ही सगळे पहिल्या सीझनवरच भांडताय. दुसऱ्यात पंडितजी गेल्यावर त्यांच्यावर पुस्तक येतं आणि मोहिनीचं प्रकरण चव्हाट्यावर येतं. म्हणजे लेखकांनाच ते मान्य नव्हतं. मग वाद कसला? तो सीझन मला तरी बँडच्या स्पर्धेत वाहून गेल्यासारखा वाटला, पण मोहिनी गायला बसते तिथे शीबा सगळ्यांना खाऊन टाकते. दिव्या दत्ता समोर असूनही.

जवारीदार
निघालो म्हणालो होतो, पण एवढं सांगतो. दुसरा सीझन पाहिलाय. पुस्तक येतं तोवर माणूस मेलेला आहे, त्याला उत्तर देता येत नाही. मेलेल्याला उघडं पाडणं सोपं असतं. नसीरसमोर तो प्रसंग लिहायची हिंमत करायची होती. माफी मागताना तो काय दिसला असता!

कोमल रिषभ
म्हणजे माफी मागायला हवी होती, हे तरी कबूल?

जवारीदार
पटकथेच्या दृष्टीने म्हणालो.

माळ्यावरची पेटी
अर्थात. पटकथेच्याच दृष्टीने.

ठेकेदार
आणि तो प्रसंग केलाच असता, तर तंबोरा धरायचा कसा हे आधी कुणीतरी दाखवा म्हणावं. पहिल्या सीझनभर ते बघून माझा हात दुखला.