मदत हवी आहे : तोतरेपणा असताना पाळकीय सेवेच्या शिक्षणासाठी अर्ज

सर्वांना प्रभू येशूच्या नावात सलाम. मी लहानपणापासून तोतरे बोलतो, आणि पाळकीय सेवेचे, म्हणजे चर्चमध्ये धर्मगुरू होण्याचे, पाचारण मनात असूनही केवळ लाजेपोटी ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करणे टाळत आलो आहे. मंडळीसमोर शास्त्रपाठ वाचताना ‘पौल’मधला ‘प’ ओठांवरच अडकतो आणि पुढच्या बाकांवरची माणसे नजर खाली वळवतात. सर्वांबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणताना मात्र एकही अक्षर अडत नाही. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 4थ्या अध्यायात मोशे आपली जीभ जड असल्याचे सांगतो, तेव्हा देव ती मोकळी करीत नाही, त्याच्या वतीने बोलण्यासाठी त्याचा भाऊ अहरोन याला सोबत देतो. (या भागावरील उपदेश मोशेला भित्रा ठरवून मोकळे होतात, ते मला पटत नाही.) त्या आधारावर यंदा अर्ज करायचे ठरवले आहे. लाज आहेच, पण निर्णय तिच्या हाती ठेवायचा नाही.

तोतरेपणा असूनही उपासना चालवणारे कोणी पाळक येथे असल्यास, मुलाखतीपूर्वी ही अडचण लेखी कळवणे हिताचे ठरते का, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी, जिथे ‘पित्याच्या, पुत्राच्या’ हेच ठरलेले शब्द उच्चारावे लागतात, तिथे आपण काय करता, हे कृपया सांगावे. मराठीतून उपचार देणारे स्पीच थेरपिस्ट पुणे अथवा अहिल्यानगर परिसरात माहीत असल्यास तेही कळवावे.