फाफर कुट्टूची भाकरी कडू होते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला असतो. बाबांना रक्तदाब आणि थोडी साखर आहे, म्हणून त्यांच्या जेवणात रोज एक भाकरी कुट्टूची (बकव्हीटची) असावी असं मनात आहे. इथल्या सियागंज बाजारात उपासाचं कुट्टूचं पीठ सहज मिळतं, पण ते साध्या जातीचं, त्यात रुटिन (रक्तवाहिन्यांसाठी चांगलं मानलं जाणारं वनस्पतीतलं द्रव्य) फार कमी. म्हणून उत्तराखंडातून फाफर, म्हणजे कडू कुट्टू, अख्खा मागवला. त्यात रुटिन कितीतरी पटींनी जास्त असतं.

अडचण अशी की दाण्यातच एक एन्झाइम असतं. पिठाला पाणी लागलं की ते रुटिन तोडून त्याचं क्वेर्सेटिन हे दुसरं द्रव्य करतं आणि कडवटपणा तिथेच वाढतो. आमच्याकडे अगदी तसंच झालं. गोळा पिवळट पडला, बाबांनी एक घास घेऊन भाकरी बाजूला सारली. उकळत्या पाण्यात उकड काढली, कडूपणा कमी झाला पण गेला नाही. दाणे कोरडे भाजून दळले तर भाकरी थापताना चिरते.

अख्खे दाणे वाफवून, वाळवून मग दळले तर एन्झाइम निकामी होतं आणि रुटिन बऱ्यापैकी टिकतं, हे वाचलंय. बाबांना कुट्टूची ॲलर्जी नाही, डॉक्टरांना विचारलंय, औषधं चालूच राहतील. थोडी कणीक मिसळायला हरकत नाही. रुटिनच्या कॅप्सूल मात्र नकोत.

कुणी घरी फाफर वाफवला असेल तर सांगाल का: कुकरमध्ये शिटी न लावता किती मिनिटं, टरफलासकट की काढून, आणि वाळल्यावर घरघंटीत नीट दळला जातो का?