विमानांवर किल मार्किंग: यात विकृती कसली?

तोफखाना: परवा इथल्या एका विद्वानाने लिहिलं, की महायुद्धात लढाऊ विमानांवर विजयाच्या खुणा रंगवणं म्हणजे मुंडक्यांची माळ मिरवणं. काहीही! सोव्हिएत वैमानिक कोझेदुबच्या ला-७ लढाऊ विमानावरचे विजयाचे तारे मॉस्कोजवळच्या मोनिनोच्या संग्रहालयात आजही दिसतात. ६२ पाडली त्याने. विमानं, माणसं नव्हे! कितीतरी वैमानिक पॅराशूटने उतरून पुन्हा लढायला हजर व्हायचे.

भटकभवानी: ती विद्वान मीच. बी-१७ या अमेरिकन बॉम्बफेकी विमानात दहा जण असत. ते पडलं की जर्मन पठ्ठ्याच्या शेपटीवर पट्टी एकच. दहातले किती वाचले, हे पट्टी सांगते का?

खवचट: माणसं सोडा, विमानं तरी खरी होती का? १५ सप्टेंबर १९४०, ब्रिटनवरची हवाई लढाई, १८५ जर्मन विमानं पाडल्याचा ब्रिटिशांचा दावा. प्रत्यक्षात पडली साठच्या आसपास. एकाच डॉर्नियर बॉम्बफेक्यावर तिघे तुटून पडणार आणि तिघेही 'माझंच' म्हणणार.

तोफखाना: त्यासाठीच अर्धा-अर्धा विजय वाटून द्यायचे. जरा वाचत जा.

खवचट: वाचलंय. पण वाटून द्यायला बाकीचे दोघे आधी दिसायला नकोत? ६५च्या युद्धात पाकिस्तानी वैमानिक आलमने सरगोध्यावर मिनिटाच्या आत आपली पाच हंटर विमानं पाडल्याचं सांगतात, तेही आपल्या नोंदींशी जुळत नाही.

ओझरकर: आलं का पाकिस्तान! माझे काका ६५ला आपल्या हवाई दलात नॅट लढाऊ विमानांवर फिटर होते. ते म्हणायचे, संध्याकाळी आम्ही फक्त आपली परतलेली मोजायचो. एक कमी भरलं की जेवण जात नसे.

खवचट: काकांबद्दल आदर आहे, पण त्याने १८५ चे साठ कसे झाले ते कळत नाही.

ओझरकर: खुर्चीत बसून बोलायला काय जातं तुमचं!

तोफखाना: मूळ मुद्द्यावर या. अमेरिकन वैमानिक कर्डेसच्या मस्टँग लढाऊ विमानावर जर्मन, इटालियन, जपानी खुणांच्या जोडीला एक अमेरिकन झेंडा होता. फेब्रुवारी १९४५, फिलिपीन्समधलं बतान बेट. जपान्यांच्या धावपट्टीवर चुकून उतरायला निघालेलं स्वतःच्याच देशाचं सी-४७ मालवाहू विमान त्याने इंजिनांवर गोळ्या झाडून समुद्रात उतरायला लावलं. आतले सगळे वाचले. हीसुद्धा मुंडकीच का?

भटकभवानी: बरं बाई, तो एक झेंडा माफ. बाकीच्यांचं काय?

चिकटपट्टी: त्याच मस्टँगच्या १/७२ मापाच्या मॉडेलचं किट आणलंय, पण डेकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा) पिवळे पडलेत. पाण्यात टाकले की तुकडे होतात. कुणाकडे जादा आहेत का?

खवचट: हाताने रंगवा. दोन-चार जास्त रंगवलेत तरी परंपरेला धरूनच होईल.