अजिंठ्याचा पद्मपाणी: भिंतीवर विश्वास ठेवायचा की शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोवर?

वाटसरू (धागाकर्ता)
गेल्या महिन्यात अजिंठ्याला जाऊन आलो. पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या भित्तिचित्रासमोर उभा राहिलो आणि खरं सांगतो, हिरमुसलो. मिणमिणता दिवा, चित्रावर पिवळट झाक, मागून ‘चला पुढे’चा धोशा. घरी येऊन व्हिक्टर गोलुब्यू या अभ्यासकानं १९११ च्या सुमारास काढलेला त्याचाच कृष्णधवल फोटो पाहिला. पापण्यांची खाली झुकलेली रेघ पहिल्यांदा दिसली ती तिथे!

निजाम सरकारनं १९२०-२२ मध्ये इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना बोलावलं. त्यांनी सुटलेले पोपडे बसवले आणि चित्रांवर लाखेचं रोगण दिलं. चित्रं तगली, पण रोगण पिवळं पडत गेलं. फोटो त्याच्या आधीचा. म्हणून माझ्या मते भिंतीपेक्षा फोटो जास्त खरा.

गेरूवाला
कृष्णधवल फोटो आणि खरा? त्या काळी फोटो काचेच्या प्लेटांवर घ्यायचे, त्यातल्या बहुतेक प्लेटांना लाल रंग दिसायचाच नाही. गेरू काळा यायचा, निळा पांढुरका. अजिंठ्यात गेरू ढिगानं, आणि निळा म्हणजे बाहेरून आणलेला लाजवर्द, निळ्या दगडाची पूड. दोन्हींची वाट लागली की राहिलं काय? तुम्ही चित्र नाही, प्लेटेचा स्वभाव बघताय.

(जाता जाता: हे फ्रेस्को नव्हेत. ओल्या चुन्यावर नाही, सुकलेल्या गिलाव्यावर रंगवलेत. कुणीतरी म्हणणारच होतं, मीच म्हणतो.)

वाटसरू
रंग जाऊ द्या हो, रेघ तर राहते ना?

लेणीवेडी
गेरूवालादादा, कॅमेऱ्याला एवढं झोडपू नका. हातानं केलेल्या नकलांचं काय झालं? रॉबर्ट गिल या ब्रिटिश चित्रकारानं वर्षानुवर्षं लेण्यांत बसून केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सनी विद्यार्थ्यांना घेऊन नव्यानं केल्या, त्यातल्याही कितीतरी १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. शिवाय नक्कल करणारा न कळत डोळे आपल्या पद्धतीचे काढतो. प्लेट आंधळी असेल, लबाड नसते.

गेरूवाला
प्लेट लबाड नसेल, पण दिवा कुठे ठेवायचा हे माणूसच ठरवतो. बाजूनं उजेड टाकला की गिलाव्याचा खड्डासुद्धा गालावरची सावली वाटतो. तुमची ती झुकलेली पापणी मी भिंतीवर पाहिल्याशिवाय मानणार नाही.

नागसेन_संभाजीनगर
तुमचं चालू द्या. आमच्या आजीच्या खोलीत याच चित्राचं कॅलेंडरातून कापलेलं पान आहे, छपाईत रंग सरकलेला, ओठ हनुवटीवर आलेले. ती रोज त्याच्यापुढे मेणबत्ती लावते. मी एकदा शहाणपणा केला: ‘आजी, हे बुद्ध नाहीत, बोधिसत्त्व आहेत. पद्मपाणी हे नावही हातातल्या कमळावरून अभ्यासकांनी दिलंय.’ ती म्हणाली, ‘असू दे. खाली बघतोय ना?’

मला तेव्हा राग आला होता. आता तुमचा वाद वाचून वाटतं, तुम्ही दोघंही त्या खाली बघण्यावरच भांडताय.

वाटसरू
आजींना नमस्कार सांगा. गेरूवाला, दिवाळीनंतर परत जातोय. येता का? पापणी दिसली नाही तर फर्दापूरला जेवण माझ्याकडून.

गेरूवाला
येतो. सोमवार टाळा, लेणी बंद असतात.