मदत हवी आहे: मांजरीने तीन पिल्लं माळ्यावर नेली, चौथं खालीच ठेवलंय

आमची चिंगी गेल्या आठवड्यात व्याली. चार पिल्लं आहेत, डोळे अजून उघडलेले नाहीत. पलंगाखाली खोक्यात जुनं लुगडं घालून दिलं होतं, तिथे छान रमली होती. काल पाहुणे आले, पोरांनी सारखं वाकून वाकून बघितलं आणि आज सकाळी बाईसाहेबांनी एकेकाला मानगुटीला धरून पोटमाळ्यावर हलवलं. मांजर सात घरं फिरवते म्हणतात, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. पण नेली तीनच. सगळ्यांत बारकं खोक्यात एकटं आहे.

ती मधूनच खाली येते, खाते, खोक्यात डोकावून हुंगते आणि परत वर जाते. पिल्लू आधी ओरडत होतं, आता गप्प आहे. त्याचीच जास्त धास्ती वाटतेय. सासूबाई म्हणतात, "माणसाचा हात लागला, आता ती घेत नाही." अहो, हात तर चौघांनाही लागलाय! मग हेच का टाकलं? मी वर नेऊन ठेवू का? की त्याने बिथरून ती बाकीची पण कुठेतरी हलवेल? गायीचं दूध आणि ड्रॉपर घरात आहे. गुरांचे डॉक्टर उद्याच भेटतील.

प्रतिसाद १
वाट बघत बसू नका. गप्प झालंय म्हणजे बहुतेक गार पडलंय. पोटाला आणि पंजांना हात लावून बघा. एवढ्याशा पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. गार पिल्लू नीट चोखत नाही आणि आई अशाला बाजूला टाकते. पाळलेली मांजर माणसाच्या वासाने सहसा पिल्लू टाकत नाही, सासूबाईंना सांगा.

आधी ऊब द्या. कापडात गुंडाळून छातीशी धरा, किंवा कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. एकदम शेकू नका. अंग गार असेपर्यंत तोंडात थेंबही घालू नका, पचत नाही आणि श्वासनलिकेत जाऊ शकतो. गायीचं दूध नकोच, जुलाब लागतात. वळवळायला लागलं की चिंगीच्या पोटाशी ठेवा आणि लांबून बघा.

धागाकर्ती
पंजे खरंच गार होते. ब्लाउजमध्ये घेऊन बसले, आता चांगलं वळवळतंय. वर ठेवल्यावर चिंगी चाटायला लागली! पण ती तीन दांडगी ह्याला सडापर्यंत पोचूच देत नाहीत.

प्रतिसाद २
ती तिघं झोपली की ह्याला एकट्याला लावा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवा. जन्मतः साधारण १०० ग्रॅम असतं, रोज १०-१५ ग्रॅम वाढायला हवं. वाढत नसेल तर मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, ती डॉक्टरांना विचारून द्या. चिंगीचे सडही बघा. लाल, कडक, गरम असतील तर दुखतं म्हणून ती पाजत नाही. आणि ती थरथरायला लागली, पाय ताठ झाले तर उद्यापर्यंत थांबू नका, कॅल्शियम कमी झालेलं असू शकतं.

माळ्याला खिडकी आहे का? बोका येत असेल तर आजच लावून घ्या.