विषय: आईचा गुडघा, हर्मिट रोड आणि नानांचा वेगासचा बेत

पिंकी (सध्या मुक्काम सोलापूर, सात रस्ता)

मंडळी, उत्तर आजच हवंय, उद्या सकाळी मुक्कामाचे पैसे भरायचेत. आई, बाबा आणि मावशी मेच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्याबरोबर निघतायत. सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई, पुढे विमानाने फिनिक्स. ग्रँड कॅन्यन कुठल्या रिमवरून, म्हणजे दरीच्या कुठल्या काठावरून बघायचं यावर घरात दोन तट पडलेत. बाबांनी नानांचा मागच्या वर्षीचा वेगास-वेस्ट रिमच्या बेताचा मेल छापून घेतलाय आणि त्यांना तिथला काचेचा पूल, स्कायवॉकच बघायचाय. आईला साउथ रिमवरून ती खरी मोठी दरी बघायची आहे.

माझी अडचण एकच. साउथ रिमच्या हर्मिट रोडवर मार्च ते नोव्हेंबर खाजगी गाडी सोडत नाहीत, उद्यानाच्या शटल बसने जावं लागतं. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई पायरीवर आधी डावा पाय टेकवते, दांडी घट्ट धरते, मग उजवा ओढून घेते. परवा बसमध्ये चढताना मागचा माणूस खेकसला तेव्हा तिने दुसऱ्या बसचं नावच काढलं नाही, रिक्षाने घरी आली. हर्मिट रोडला जाताना नऊ थांबे आहेत. प्रत्येक ठिकाणी चढ-उतार तिला झेपणार नाही. दुसरा काही मार्ग आहे का? वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनीच सांगा.

नाना (लास वेगास)

पिंकी, मागच्या वर्षीचा बेत बदलायचं काही कारण दिसत नाही. वेगासहून वेस्ट रिम दोन-सव्वादोन तास, साउथ रिमला साडेचार लागतात. वेस्ट रिमला बस पॉइंटपर्यंत सोडते, चालणं नावाला. तुझ्या बाबांना स्कायवॉक बघायचाय ना, मग दाखव की. मंडळाच्या सहलींचं वेळापत्रक मी लावतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, बदल करायचा असेल तर आधी मला फोन करायचा.

अण्णा (फ्लॅगस्टाफ)

नाना, तुमचा हिशोब वेगासपासूनचा. ही मंडळी फिनिक्सला उतरणार. तिथून साउथ रिम साधारण २३० मैल, साडेतीन तास, वाटेत आमच्याकडे चहा. फिनिक्सहून वेस्ट रिमच उलट लांब पडतं.

शिवाय वेस्ट रिम राष्ट्रीय उद्यानात येत नाही. ती वालापाई या तिथल्या मूळ आदिवासी लोकांची जमीन आहे, स्कायवॉक त्यांचा, २००७ पासूनचा. तिकीट वेगळं, उद्यानाचा पास तिथे चालत नाही, आणि पुलावर मोबाइल-कॅमेरा नेऊ देत नाहीत. बाबांना हे आधी सांगा, कारण नातवंडांना पुलावरचा फोटो पाठवायचं त्यांच्या मनात असणार.

पिंकी, आता तुझ्या प्रश्नाकडे. हर्मिट रोडवर स्वतःची गाडी नेता येते. चालायला त्रास असलेल्यांसाठी अ‍ॅक्सेसिबिलिटी परमिट मिळतं. उद्यानाच्या गेटवर किंवा व्हिजिटर सेंटरला मागायचं आणि गाडीत समोर दिसेल असं ठेवायचं. आईंना त्याच रस्त्यावरच्या होपी पॉइंटपर्यंत, दरी बघायच्या जागेपर्यंत, थेट गाडीने नेता येईल. गेटवर शिरतानाच मागा, आत गेल्यावर रांगेत उभं राहायला नको. ज्यांना चालता येतं त्यांनी शटलनेच जावं, बसची सोय चांगली आहे आणि तिला रॅम्पही असतो. पण आईंचा आत्मविश्वास बसवरून उडालेला असेल तर परमिट घ्याच.

डेझर्ट व्ह्यू ड्राइव्हला परमिट लागत नाही. साधारण २५ मैलांचा रस्ता, वर्षभर आपल्या गाडीने जाता येतं. शेवटी १९३२ चा दगडी वॉचटॉवर आहे, मेरी कोल्टर या बाईंनी बांधून घेतलेला. आत जिने आहेत, आईंनी खालीच थांबावं. दरी आणि नदी बाहेरून उत्तम दिसते.

माई (जुळे सोलापूर)

अण्णांनी रस्त्याचं सगळं सांगितलं, पण थंडीचं कुणी बोललंच नाही. मुलाकडे गेले होते तेव्हा मीही मे महिन्यातच गेले होते. सोलापुरात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत पंख्याखाली बसलेलं माणूस मेमध्ये स्वेटर कशाला घेईल? साउथ रिम सात हजार फुटांवर आहे बाई. पहाटे चार-पाच अंश असतात आणि काठावर वारा नुसता झोंबतो. माथर पॉइंटवर सूर्योदयाला उभं राहिले तर कठड्याचा लोखंडी नळ इतका गार की पदरात हात गुंडाळून धरावा लागला. माझी सोलापुरी चादर बॅगेत होती म्हणून निभावलं. शेजारी उभ्या असलेल्या बाई थरथरत होत्या, त्यांनाही अर्धी दिली.

पहिल्या दिवशी धापही लागते. पोचल्या पोचल्या आईला फिरवू नका. पाणी सारखं पाजा, दुपारी झोपू द्या, संध्याकाळी बाहेर काढा. बीपीची गोळी हातातल्या पर्समध्ये ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्या. आठ-दहा दिवस काही होत नाही, दह्यात कालवलं की पोटभर जेवण. उद्यानात आपल्या तोंडाला चव येईल असं फार काही मिळत नाही.

नाना (लास वेगास)

माई, भाकरी-चटणी आणायला हरकत नाही, पण विमानतळावर खायचं आणलंय असं स्पष्ट सांगायचं. लपवलं तर दंड होतो. ताजी फळं, भाज्या, मांसाचं काही नको. सहलीच्या दर मेलमध्ये मी हे लिहितो.

बापू (सोलापूर, निवृत्त भूगोल शिक्षक)

मावशींनी मला विचारलं की तिथे विष्णूचं देऊळ आहे म्हणतात, दर्शन होतं का. देऊळ नाही, ते दरीतले सुळके आहेत. क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला विष्णू टेंपल, शिवा टेंपल अशी नावं दिली. नंतर ब्रह्मा टेंपल, कृष्णा श्राइन, रामा श्राइनही नकाशावर आले. शिवा टेंपल होपी पॉइंटवरून समोर दिसतं. मावशींनी तिथूनच हात जोडावेत.

पिंकी, आईंना यवापाई म्युझियमपाशी ट्रेल ऑफ टाइम नक्की दाखव. काठाने पक्की, जवळजवळ सपाट वाट आहे. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, आणि जमिनीत पितळी खुणा बसवल्यात. आपलं सोलापूर ज्या काळ्या दगडावर उभं आहे तो दख्खनचा लाव्हा सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे म्युझियमपासून चालायला लागलं की ६६ मीटरवर आपला दगड येतो. कॅन्यनच्या काठावरचा सगळ्यात वरचा, सगळ्यात तरुण चुनखडक २७ कोटी वर्षांचा, म्हणजे २७० मीटरवर. आणि अगदी तळाशी, नदीकाठी दिसणारा काळपट खडक, विष्णू शिस्ट, १७० कोटी वर्षांच्या पुढचा. दरी मात्र त्या मानाने कालची. कोलोरॅडो नदीने ती बहुतेक गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत कोरली, म्हणजे त्या वाटेवर जेमतेम पाच-सहा पावलं. शाळेत फळ्यावर हे समजावताना माझा घसा कोरडा पडायचा. तिथे पाऊल टाकून कळतं. आईंना ६६ मीटर जमतील ना? तिथे थांबून फोटो काढा आणि मला पाठवा.

बंडू (फिनिक्स)

बापूकाका, भारी. पिंकीताई, तुम्ही वर फिराल तेव्हा मी ब्राइट एंजलच्या पायवाटेने नदीपर्यंत उतरतो आणि संध्याकाळी जेवायला परत येतो.

अण्णा (फ्लॅगस्टाफ)

बंडू, अजिबात नाही. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका असं उद्यानाचे लोक स्वतः फलक लावून सांगतात. सकाळी गारव्यात उतरणं सोपं वाटतं, चढ दुपारच्या उन्हात येतो. वर स्वेटर घालून निघतोस आणि तळाशी दहा-अकरा अंश जास्त तापलेलं असतं. दर उन्हाळ्यात असेच तगडे जवान उचलून आणावे लागतात. दीड मैलावरच्या निवाऱ्यापर्यंत जा, तेवढ्यातच ११०० फुटांहून जास्त उतरशील. पाणी सोबत ने. उतरायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धर. तुझी वाट बघत पिंकीची आई काठावर ताटकळायला नको.

आणि पैशांचं राहिलंच. गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवस चालतात. २०२६ पासून १६ वर्षं आणि त्यावरच्या परदेशी पाहुण्यांना त्याशिवाय माणशी १०० डॉलर पडतात. परदेशी लोकांसाठी २५० डॉलरचा वार्षिक पासही आहे. पाहुणे तीन आहेत, तेव्हा गाडीतल्या किती जणांना तो लागू होतो ते आधी विचार आणि मगच ठरव.

नाना (लास वेगास)

माणशी १०० डॉलर हा मुद्दा बरोबर आहे. आणि नॉर्थ रिमचं नाव कुणी काढू नका, तिथलं लॉज जुलै २०२५ च्या आगीत जळालं. पिंकी, साउथ रिमच कर. बाबांशी मी फोनवर बोलतो, माझं ऐकतील ते.

पिंकी (सोलापूर)

नाना, बोललात ते फार बरं झालं. बाबांनी फोन ठेवल्यावर स्वतःच नकाशा काढला. उद्यानाच्या आतल्याच लॉजमध्ये दोन रात्री मिळाल्या, तळमजल्यावरची खोली मागितलीय, पैसे भरले. परमिट गेटवर मागणार. बंडू, तू निवाऱ्यापर्यंतच, अण्णांना तसं कळव. माई, चादरी चार पुरतील की मावशीसाठी वेगळी घेऊ? आज संध्याकाळी दुकानात जाणार आहे, त्याआधी सांगा.