ओबीसी मुलगी, लोणेऱ्याला इंजिनिअरिंग: शंभर टक्के फी माफीत नेमकं काय माफ होतं?

शेतकरी_पालक
नमस्कार. मुलीने एमएचटी-सीईटी (पीसीएम) दिली आहे. प्रवर्ग ओबीसी, उत्पन्न शेतीचं, तहसीलदारांच्या दाखल्यावर १ लाख ८० हजार. पहिली पसंती लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला, म्हणजे विद्यापीठाच्या स्वतःच्या कॅम्पसला. मुलींची फी पूर्ण माफ आहे म्हणतात, मग प्रवेशाच्या दिवशी किती पैसे हाताशी ठेवायचे? नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र (ओबीसीतल्या संपन्न गटात नसल्याचं) गेल्या वर्षीचं आहे, ते चालेल का? जात पडताळणीची सध्या फक्त पावती आहे.

सेतू_ते_सीट
८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क ५० ऐवजी १०० टक्के मिळू लागलं. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, आणि प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, झालेला हवा. खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या सीटला हा लाभ नाही.

माफ होतात ती ही दोनच शुल्कं. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, अनामत, जिमखाना, विमा हे सगळं भरावंच लागतं. म्हणून संस्थेच्या संकेतस्थळावरचा फीचा तक्ता उघडा, त्यातली शिक्षण आणि परीक्षा शुल्काची ओळ वजा करा. उरेल ती रक्कम, अधिक होस्टेल-मेसचा पहिला हप्ता, एवढे पैसे हाताशी हवेत. नुसतं 'एकूण फी' बघून घाबरू नका आणि 'शंभर टक्के' ऐकून रिकाम्या हातानेही जाऊ नका.

नॉन-क्रीमीलेअर ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश, त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं. २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंतचं लागलं होतं. त्याच हिशोबाने २०२६-२७ ला ३१ मार्च २०२७ पर्यंतचं. तुमचं प्रमाणपत्र एक वर्षाचं असेल तर संपलं असणार, तीन वर्षांचं असेल तर कदाचित चालेल. आजच तारीख बघा. नवीन काढायचं तर तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो. तो तहसीलमधून आणि नॉन-क्रीमीलेअर प्रांताकडून, म्हणजे दोन कार्यालयांचे दिवस धरा. निकालानंतर सेतूवर झुंबड उडते.

तंत्रशिक्षण_वाचक
वरच्या उत्तराला एक महत्त्वाची जोड. तुमचं उत्पन्न कमी आहे, त्यामुळे तुम्हाला अडचण नाही, पण धागा वाचणाऱ्या नोकरदार पालकांसाठी लिहितो. नॉन-क्रीमीलेअरच्या उत्पन्न चाचणीत पगार आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत. फी माफीसाठीचा उत्पन्नाचा दाखला मात्र सगळं मिळून बघतो. म्हणून आई-वडील दोघेही लिपिक असलेल्या घरात नॉन-क्रीमीलेअर मिळतं, आरक्षित सीटही मिळते, आणि एकत्रित पगार ८ लाखांवर गेला की महाडीबीटीवरचा (राज्याचं शिष्यवृत्ती पोर्टल) फी माफीचा अर्ज मात्र बाद होतो. आरक्षण आणि शुल्क सवलत या दोन वेगळ्या पात्रता आहेत.

पावतीबद्दल: पावतीवर कॅपमध्ये भाग घेता येतो, पण मूळ वैधता प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत आलं नाही तर आरक्षित सीट हातची जाते. मुदतवाढ मिळेलच असं धरून चालू नका. जिल्हा जात पडताळणी समितीत प्रकरण अडतं ते बहुतेक वेळा पुराव्यापाशी. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, जातीची नोंद असलेला पुरावा लागतो: आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, गाव नमुना १४, जुनी महसुली नोंद. वडिलांच्या सख्ख्या भावाला किंवा चुलत भावंडाला वैधता मिळालेली असेल तर ती वंशावळीच्या शपथपत्रासोबत जोडा, काम पुष्कळ सोपं होतं. आडनावाचं स्पेलिंग कागदागणिक बदलत असेल तर त्रुटीपत्र येण्याआधीच शपथपत्र द्या.

शेतकरी_पालक
खूप आभार. नॉन-क्रीमीलेअरची मुदत खरंच संपली आहे, उद्याच सेतूवर जातो. आणखी एक: पसंतीक्रमात लोणेरे पहिलं टाकलं आणि पहिल्याच फेरीत लागलं तर पुढच्या फेरीत पुण्यासाठी थांबता येतं का?

सेतू_ते_सीट
नाही. २०२५-२६ मध्ये चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तिनांतला, तिसरीत पहिल्या सहांतला कुठलाही लागला की सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की. ती नाकारली तर पुढच्या फेऱ्या बंद. यंदाची माहितीपुस्तिका बघूनच पर्याय भरा, पण धोरण तेच ठेवा: पुणं खरोखर जास्त हवं असेल तर सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ वर आणि लोणेरे खाली. कटऑफ बघून 'मिळेल ते वर' असं करू नका. तुमच्या क्रमामुळे वरच्या पर्यायाची संधी वाढतही नाही, खालच्याची कमीही होत नाही.

बेटरमेंट (मिळालेली सीट धरून वरच्या पर्यायाची वाट बघणं) निवडलं आणि पुढच्या फेरीत वरचा पर्याय लागला, तर आधीची सीट आपोआप जाते, परत मागता येत नाही.

तंत्रशिक्षण_वाचक
प्रवेश झाल्यावर महाडीबीटीचा अर्ज लगेच भरा, आणि दरवर्षी नूतनीकरण करा. मुलीचं खातं आधारशी 'लिंक' असणं पुरेसं नाही. एनपीसीआय मॅपिंग, म्हणजे आधारवरचे सरकारी पैसे कोणत्या बँकेत जायचे याची नोंद, लागतं, आणि ते एका वेळी एकाच बँकेत असतं. नंतर दुसरं खातं उघडताना आधार दिलं की मॅपिंग तिकडे सरकू शकतं आणि पैसे तिकडे जातात. अर्जात कॅपचा अर्ज क्रमांक अलॉटमेंट लेटरवरून जसाच्या तसा टाका. कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनवर अर्ज पडून राहिला तर पुढे जात नाही, म्हणून दर आठवड्याला स्थिती बघा. 'सेंट बॅक' (अर्ज परत पाठवला) दिसलं तर दुरुस्ती करून पुन्हा पाठवायची मुदत मर्यादित असते.

राहण्याच्या खर्चासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनाही बघून ठेवा. ती ओबीसी विद्यार्थ्यांना, उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल आणि शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नसेल तर लागू होते. पुण्यात वर्षाला ६० हजार, तालुक्याच्या ठिकाणी ३८ हजार. तिचा अर्ज फी माफीपेक्षा वेगळा भरावा लागतो.